दक्षिणेकडं पाय

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे झिऱ्यावर पाणी भरणं. रोजचंच काम. मी वाळू उकरली, तिनं करवंटीनं पाणी घेतलं, फडक्यातून गाळून कळशीत ओतलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी बघितलंही नाही. आता आठवायला बसलो तर तिच्या अंगावर त्या दिवशी कुठल्या रंगाचं लुगडं होतं तेही आठवत नाही. करवंटी मात्र आठवते. तिची एक कड उडालेली होती. त्या बाजूनं पाणी सांडायचं, म्हणून ती करवंटी डाव्या हातानं धरायची.

ज्यांच्या घरात नळ आहे त्यांना झिरा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. उन्हाळ्यात आमची घोड नदी वरून कोरडी पडते, पण पोटात पाणी असतं. वाळू हातभर उकरली की खालून पाणी झिरपतं. पहिलं गढूळ येतं, ते उपसून टाकायचं. मग थांबायचं. थांबलं की वाळू तळाला बसते आणि वर येतं ते पाणी असं, की त्यात आपले पाय दिसावेत. दोन हजार सालाच्या पुढं पावसानं आम्हाला सलग रडवलं. मृग कोरडा जायचा, हस्त नुसता गडगडून जायचा. पाणीयोजनेच्या नळातून हवा यायची आणि टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास यायचा. सगळी वस्ती नदीच्या वळणावरच्या झिऱ्यांवर जगत होती.

झिऱ्यावर आमचं रोजचं भांडण ठरलेलं. माझं सगळं आयुष्य दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये गेलं. तिथं गाडी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळं मलाही थांबायची सवय नाही. पहिलं पाणी उपसलं की मी लगेच म्हणायचो, "भर."

ती म्हणायची, "थांबा की वो. तिला दम खाऊ द्या."

तिला म्हणजे नदीला. माझ्याशी बोलताना ती नदीचा विषय असा काढायची जसा काही ती शेजारच्या घरातली बाई आहे.

"दम खायला ती काय पळून आलीया?"

"पळूनच आलीया. तुमास्नी काय कळतंय."

त्या सकाळी एवढंच बोलणं झालं. ते शेवटचं नव्हतं, पण निवांत असं शेवटचं तेच.

झिऱ्यापासून थोड्या अंतरावर वाळूची बाई पडलेली होती. तिच्याबद्दल आता सांगतो.

पुण्याच्या चित्रकलेच्या कॉलेजातली पोरं आमच्याकडं आली होती, त्यात एक मुलगी पुढारी. केस पोरासारखे कापलेले, पायात पुरुषी बूट. शाळेच्या खोलीत उतरली होती. आल्या आल्या चावडीवर तिनं सांगितलं, की आम्हाला तुमच्या नदीत एक कलाकृती करायची आहे. हवामान बदलत चाललंय, पाऊस बिघडलाय, नदीतली वाळू चाललीय, हे लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

मी तोंडावरच बोललो, "पोरी, आमाला दिसत न्हाई व्हय? आमी आंधळं हाय का?"

लोक हसले. ती पण हसली. म्हणाली, "दिसतं आबा. पण रोज दिसतं ना, म्हणून दिसत नाही."

मला ते बोलणं शहाणपणाचं वाटलं नाही. चित्र म्हणजे भिंतीवर टांगतात ते, एवढं मला कळतं. ऑफिसात साहेबाच्या मागं टांगलेलं असायचं. नदीत चित्र कसं टांगणार? चहाच्या टपरीवर तर थट्टाच चालली होती. एक म्हणायचा शूटिंग आहे, दुसरा विचारायचा मग हिरोईन कवा यायची. तिसरा म्हणायचा, ती बूटवालीच हिरोईन, आता विलन तेवढा पाहिजे, आबांना घ्या.

आमची म्हातारी मात्र चावडीवरून उठून त्या मुलीजवळ गेली. म्हातारीचं एक जुनं दुखणं होतं. लग्न होऊन आली त्या काळात इनामगावला मोठं खोदकाम चाललं होतं. शहरातले शिकलेले लोक पांढरीच्या टेकाडाखालून फार जुन्या काळचं गाव खणून काढत होते, आणि आसपासच्या बायका माती वाहायला रोजानं जायच्या. ही पण गेली. तिथं घराच्या जमिनीखाली एक मडकं निघालं आणि त्यात तान्ह्या लेकराची हाडं होती. ते तिनं बघितलं. साहेबांनी बायकांना समजावून सांगितलं, की ही माणसं इथं नांदत होती, मग पाऊस कमी होत गेला आणि ती गाव सोडून गेली. हिनं विचारलं, कुठं गेली? साहेब म्हणाले, नक्की सांगता येत नाही.

ते तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. लेकरू पुरलेलं घर सोडून बाई गेली तर कुठं गेली असंल, असं मला ती भाकरी थापता थापता मधूनच विचारायची. मी म्हणायचो, दौंडला गेली असंल, गाडी पकडायला.

तर हिनं त्या मुलीला विचारलं, "पावसानं पाठ फिरवली, आन् हे झिरं बी गेलं, तर आमची माणसं कुठं जायची गं बाई?"

ती मुलगी हिच्याजवळ खाली बसली. मग म्हणाली, "माहीत नाही आजी."

घरी येताना म्हातारी मला म्हणाली, "ही पोरगी खोटं बोलत न्हाई. करू द्या तिला काय करायचं ते."

त्यांनी वाळूची बाई करायला घेतली. आडवी झोपलेली, पाच-सहा बैलगाड्या एकापुढं एक लावल्यावर होईल एवढी लांब. पाटीनं वाळू ओतायची, पाणी मारून थापायची, फळीनं आकार द्यायचा. नाक, कपाळ, छाती, पोट, गुडघे. पोरं उन्हानं काळी पडली. टपरीवरचे लोक आधी बघायला गेले, मग हळूहळू पाटी उचलू लागले. बायका सांगायच्या, बाईची कंबर अशी नसती, तुमी लेकुरवाळी बाई बघितली न्हाई व्हय कवा? आणि कंबर बदलली जायची. एक जण मला म्हणाला, "आबा, नाक तुमच्या मालकिणीचं काढलंया." मी जाऊन बघितलं. थोडंफार होतं तसं.

जागा मुलीनंच निवडली होती. वाळूच्या ट्रकांचा नदीतला रस्ता वळणाकडं यायचा, त्या रस्त्यावरच ती बाई आडवी आली होती. वाळूवाल्यांनी खालच्या अंगाची वाळू संपवली होती. तिथं आता काळा चिखल आणि माणूस बुडेल एवढे खड्डे होते, आणि तिथले झिरे गेले ते गेलेच. आता ते वळणावर येणार होते. त्यांच्या मुकादमानं टपरीवर सांगून टाकलं होतं, सोमवारपासून वळणावर मशीन लागणार. आम्ही मुलीला म्हणालो, अगं इथनं ट्रक जायाचं हायत, तुझ्या बाईचा भुगा हुईल. ती म्हणाली, "मग इथंच बरी."

त्या सोमवारची सकाळ होती ती. आम्ही कळशी भरून घरी आलो तेव्हा पोरं नदीत कापडाचा तागा घेऊन उतरत होती. मुलगी जाता जाता म्हातारीला म्हणाली, "आजी, आज पूर्ण होणार. नदी झोपलीय, तिच्या अंगावर पांघरूण घालायचं राहिलंय. लोक बघायला आले की आम्ही पांघरूण काढणार. म्हणजे जागं करणार तिला."

"घाल की बाई," म्हातारी म्हणाली.

ती चुलीला लागली. मी दारात बसून विडी ओढत होतो. उन्हं अंगणात यायच्या सुमाराला नदीकडून बायकांची ओरड ऐकू आली. ओरड पण कशी, मयत झाल्यावर निघते तशी. मी उठून पळालो, ती पिठाच्या हातानं माझ्या मागं.

काठावर आलो आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

मी गँगमन होतो. रुळावरची मयतं मी उचललेली आहेत, गोणपाटात बांधून बाजूला ठेवलेली आहेत आणि नंतर त्याच हातानं डबा खाल्लेला आहे. मला मढ्याची भीती नाही. पण त्या सकाळी नदीत जे दिसलं ते वेगळं होतं. नदीभर एक बाई मरून पडलेली होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा मांजरपाट. नाकाचा उंचवटा, छातीचा उंचवटा, पायाचे अंगठे वर. आणि नदी तिथं दक्षिणेला वळते, म्हणून तिचे पाय दक्षिणेकडं.

आमच्याकडं दक्षिणेकडं पाय करून कुणी झोपत नाही. लहान पोरगं तसं झोपलं तर आई उचलून फिरवते. दक्षिणेकडं पाय मयताचे करतात. आणि तोंडावरून पांढरं कापड जिवंत माणसाच्या कोण घेतं? त्या शहरातल्या पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या मनात नदी झोपली होती. वाळूच्या बाईला आम्ही रोज बघत होतो, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. वर पांढरं पडलं आणि सगळ्यांना एकदमच दिसलं.

मुलगी घाबरून गेली होती. बायकांना सांगत होती, "अहो झोपलीय ती, झोपलीय!"

आमची म्हातारी तिच्या जवळून पुढं गेली. कपाळाला हात लावून म्हणाली, "न्हाई गं माझे आई. मेली ही. कवाच मेली. आमीच कुणी बघितलं न्हाई."

एवढं बोलून ती माघारी फिरली आणि घराकडं निघाली. मला वाटलं चुलीवर तवा राहिलाय म्हणून चालली असेल. ती परत आली तेव्हा तिच्या हातात तिचं हिरवं लुगडं होतं.

ते लुगडं काय होतं ते सांगतो. आमच्या जुन्या बायका एक लुगडं बाजूला ठेवतात. नवरा असताना मरण आलं, अहेव मरण आलं, तर ते नेसवून, हिरव्या बांगड्या भरून, मळवट भरून न्यायचं. हिनं ते ट्रंकेत तळाला ठेवलं होतं, डांबरगोळ्या घालून. दरवर्षी दिवाळीला काढून उन्हात टाकायची आणि मला बजावायची, माझ्या आधी जाऊ नका, न्हाईतर हे लुगडं वाया जाईल. मी म्हणायचो, तुझ्या लुगड्यासाठी जगतो बाई, दुसरं काय काम हाय मला.

मी तिचा हात धरला. "अगं, ते तुझं हाय."

"मंग?"

"मंग तुला काय घालायचं?"

"मी काय आजच चाललेय व्हय?" असं म्हणून तिनं हात सोडवून घेतला. "सवाष्ण बाई हाय ती. तिला पांढऱ्यात न्हेता? लाजा वाटत न्हाईत?"

तिनं ते लुगडं घडी मोडून वाळूच्या बाईच्या छातीवर पसरलं. एवढ्या मोठ्या अंगावर ते कुठल्या कुठं गेलं, हातरुमालाएवढं दिसत होतं. मग दुसरी बाई घरी पळाली, तिनं आपलं आणलं. मग तिसरी. ज्यांच्याकडं तसलं लुगडं नव्हतं त्यांनी नेसायचं बरं होतं ते आणलं, खण आणले, बांगड्या आणल्या. कुणी तांदूळ-नारळानं ओटी भरली. कुंकवाच्या पुड्या सोडल्या. पोरं बाजूला उभी राहून बघत होती, त्यांना हात लावायला कुणी दिलाच नाही. त्यांनी केलेली वस्तू त्यांची राहिली नव्हती. ती केस कापलेली मुलगी रडत होती की काय मला कळलं नाही, बूट मात्र तिनं काढून ठेवले होते.

तेवढ्यात ट्रक आले.

पुढच्या ट्रकवर बाहेरच्या मुलखातला ड्रायव्हर होता. त्यानं लांबूनच गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून चपला काढल्या. मागच्या ट्रकातून मुकादम उतरला.

"का थांबला रे? घाल वरून!"

"अम्मा लेटी है," ड्रायव्हर म्हणाला.

"वाळू हाय ती, येड्या! कपडा हाय!"

"होगी रेत. मैं नहीं चढ़ाऊँगा. आप चढ़ाओ, चाबी लो."

त्यानं खरंच किल्ली पुढं केली. मुकादमानं ती घेतली नाही. तो आमच्याच बाजूचा माणूस, त्याला दक्षिणेकडचे पाय दिसत होते. मयत ओलांडून जात नाहीत हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो उगीच बायकांवर खेकसला, "ए बायांनो, उठा, नाटकं बास! काम खोळंबलंया!"

म्हातारी डोक्याशी बसली होती. बसल्या जागेवरून म्हणाली, "ये बाबा, ये. तुजीच वाट बघत हुतो. खांदा द्यायाला माणूस कमी पडतंया."

बायकांत हसू फुटलं. मयताजवळ हसू फुटलं.

"म्हातारे, तोंड सांभाळ."

"काय सांभाळू? आमी नुसतं पाणी प्यालो, तू तर हिचं काळीज काढून इकलंस. सगळ्यात जवळचा तूच की. टोपी काढ, पुढं हो, शिकाळं धर."

शिकाळं म्हणजे विस्तवाचं मडकं टांगलेलं शिंकं, प्रेतापुढं चालणाऱ्या मुलानं धरायचं. मुकादमाचं तोंड काळं ठिक्कर पडलं. तो माघारी ट्रकात चढला. ट्रक उलटे मागं गेले, वळायलाही जागा घेतली नाही त्यांनी.

मी हे सगळं बघून हबकून गेलो होतो. आमच्या गावानं तहसीलला अर्ज दिले होते, पुढाऱ्यांचे पाय धरले होते, एकदा पोरांनी दगडही मारले होते. त्यातल्या कशानं एक ट्रक कधी थांबला नव्हता. आणि वाळूचा ढीग, वर चार लुगडी, तर इंजिन बंद. पुढं बायकांनी ग्रामसभेत वळणावर वाळू काढायची नाही असा ठराव करून घेतला, पुरुषांना बोलू दिलं नाही. तो भाग चांगला आहे, पण तो सांगायला गावात दुसरी माणसं आहेत. मला माझं सांगायचं आहे.

ऊन चढलं. वैशाखातलं नदीतलं ऊन, खालून वाळू भाजते आणि वरून आभाळ. बायका पाळीपाळीनं काठावरच्या बाभळीखाली जायला लागल्या. म्हातारी उठेना.

मी म्हणालो, "चल सावलीला."

"मयताजवळ एकानं तरी बसायचं आसतं."

"अगं पण ती वाळू हाय."

"मला सांगताय व्हय?" ती म्हणाली. "तुमी जावा, भाकरी टाकून ठेवलीया, खावा. आन् मला थोडं पाणी घेऊन या. सकाळचं."

आमचं खरोखरचं शेवटचं बोलणं ते. तिनं पदर तोंडावरून ओढून घेतला, मयताजवळ बायका घेतात तसा, आणि वाळूच्या खांद्याला टेकून बसली.

मी घरी गेलो. भाकरी खाल्ली. तिची भाकरी फडक्यात बांधली. सकाळच्या कळशीतून तांब्या भरला. निघालो तर वाटेत टपरीवर लोकांनी अडवलं, ट्रक कसे मागं गेले ते परत परत बोलणं चाललं होतं, हसणं चाललं होतं. मीही बसलो, हसलो. मुकादमाचं तोंड कसं झालं ते करून दाखवलं.

नदीत आलो तेव्हा ती तशीच बसलेली होती. बाभळीखालच्या बायकांना विचारलं, काय खाल्लंबिल्लं का हिनं? त्या म्हणाल्या, नाही, हलली पण नाही, मयताजवळ बसलेल्या बाईला कोण उठवतंय? मधून दोन बायका जवळ जाऊन बसून, डोळे पुसून परत आल्या होत्या. हिच्या मांडीला मांडी लावून. त्यांनाही काही वाटलं नाही. तशी बसलेली बाई बोलत नसतेच.

मी जवळ जाऊन म्हणालो, "बास झालं आता. ऊठ."

ती बोलली नाही. मला राग आला. "सोंग लई झालं. पाणी आणलंया, घे."

खांद्याला हात लावला. खांदा गरम होता. म्हणून मी अजून एकदा म्हणालो, ऊठ. गरम अंग म्हणजे जिवंत अंग, असंच माणूस धरून चालतो. ते ऊन होतं. वाळू जशी तापली होती तशीच ती तापली होती.

पदर बाजूला केला.

रुळावरची एवढी मयतं मी उचलली, आणि माझ्या बायकोचं मला ओळखू आलं नाही. नदीची बाई वाळूची, तर सगळं गाव तिला मेलेली म्हणून रडलं. ही हाडामासाची, तर सगळ्या गावानं तिला जिवंत धरलं. हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही. रडूबिडू आलं नाही मला तेव्हा. मी तांब्या तिच्या तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून खाली आलं आणि वाळूत गेलं. वाळू लगेच प्याली. मी परत लावला. परत वाळूच प्याली. तांब्या रिकामा झाला तेव्हा कुणीतरी मला मागून धरलं.

लेक कासुर्डीला दिलेली. निरोप गेला, ती उन्हं कलायच्या आत आली. बायकांनी अंघोळ घालायला घेतली आणि मग प्रश्न पडला की नेसवायचं काय. लेकीनं ट्रंक उघडली, पण ठेवलेलं लुगडं मिळालं नाही. कुणीतरी तिला सांगितलं. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "तात्या, आईचं लुगडं नदीत हाय. आणू का?"

ते एक लुगडं तिनं आयुष्यभर ठेवलं होतं. मी ते दरवर्षी उन्हात बघितलं होतं.

मी म्हणालो, "मयताच्या अंगावरचं काढत न्हाईत."

"तात्या, वाळू हाय ती."

"तुज्या आईला जाऊन सांग."

शेजारीण घरी गेली आणि तिचं ठेवलेलं लुगडं घेऊन आली. तेही हिरवंच होतं. ते नेसवून आम्ही तिला नेलं. नदीच्या काठालाच, वळणाच्या वरच्या अंगाला. शिकाळं मी धरलं, आम्हाला मुलगा नाही. पाय दक्षिणेकडं केले. चितेजवळून बघितलं तर खाली ती दुसरी तशीच पडलेली होती, हिरवी. दोघींचे पाय एकाच दिशेला.

ती केस कापलेली मुलगी माणसांच्या मागं उभी होती. सगळं झाल्यावर माझ्याजवळ आली. तोंड सुजलेलं. म्हणाली, "आबा, माझ्यामुळं झालं."

मी म्हणालो, "तुज्यामुळं काय? उन्हामुळं झालं. आन् तिच्या हट्टामुळं."

"आम्ही सकाळी सगळं काढून टाकतो. वाळू सपाट करतो."

तेव्हा मी हो म्हणालो की नाही म्हणालो, ते ध्यानात नाही.

सकाळी लेक उठायच्या आत मी कळशी घेतली, करवंटी घेतली आणि नदीत उतरलो. सुतकात असं जात नसतील. मी गेलो. झिऱ्यात वाळू बसली होती, ती उकरली. पहिलं पाणी उपसून टाकलं. मग थांबलो. मला कुणी थांब म्हणालं नाही. पाणी नितळ झालं, त्यात माझे पाय दिसले, तरी थांबलो. मग भरायला घेतलं. करवंटी उजव्या हातात धरली होती, तुटक्या कडेनं निम्मं पाणी सांडत गेलं. डाव्या हातात घेतली, तर डाव्या हाताला सवय नाही. कळशी भरायला फार वेळ लागला.

पोरं आली होती. मुलीनं मांजरपाटाचं एक टोक उचललं होतं, लुगड्यांना हात लावायचं तिला धाडस होत नव्हतं. मला बघून तिनं विचारलं, "आबा, काढू ना?"

खालच्या अंगाला ट्रकचा आवाज येत होता. दुसरा ड्रायव्हर असेल, कोण असेल.

"ठिव ते खाली," मी म्हणालो. "तोंड नीट झाक तिचं."

कळशी डोक्याशी ठेवली, आणि वाळूच्या खांद्याला जिथं म्हातारीच्या पाठीचा खळगा पडला होता, तिथं टेकून मी बसलो.